टेराहर्ट्झ सेटअप पहिल्यांदा लावताय? मग हे वाचा

अरे, लेसर पल्सपासून टेराहर्ट्झ लाटा काढायला आधी झिंक टेल्युराइडच्या क्रिस्टलपासूनच सुरुवात कर. लिथियम नायोबेट (दुसरा क्रिस्टल) आणि त्याला लागणारा तिरका पल्स फ्रंट नंतर बघू, ते अलाइन करताना डोकं फिरतं. टायटेनियम सफायर लेसरचे ८०० नॅनोमीटरचे पल्स आणि टेराहर्ट्झ लाटा झिंक टेल्युराइडमधून जवळपास सारख्याच वेगाने जातात, म्हणून जोर मिळतो. कट (क्रिस्टल कोणत्या दिशेने कापलाय ते) ११० चा घे, १ मिलिमीटर जाडीचा, आणि तो फिरवून बघ, कारण लेसरचं पोलरायझेशन क्रिस्टलच्या ००१ अक्षाला समांतर पडलं तर काहीच निघत नाही, आणि माणूस दोन दिवस डिटेक्टरला शिव्या घालत बसतो (मी बसलोय).

खरी डोकेदुखी म्हणजे टाइम झीरो, म्हणजे पंपने (टेराहर्ट्झ काढणारा बीम) काढलेली लाट आणि प्रोब (ती मोजणारा बीम) डिटेक्टरवर एकाच वेळी पोचतात ती जागा. पंप आणि प्रोबचे रस्ते आधी टेपने मोज, मग फास्ट फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोपवर जुळव, आणि मगच स्टेज (एका बीमचा रस्ता कमी-जास्त करणारी आरशांची सरकपट्टी) हळूहळू स्कॅन कर. स्टेज १ मिलिमीटर सरकली की जाऊन-येऊन जवळपास ६.७ पिकोसेकंद होतात, म्हणजे मोठी पावलं टाकलीस तर सिग्नल सरळ ओलांडून जाशील. चॉपर (बीम ठराविक लयीत अडवणारी फिरती चकती) पंपवर लाव, लॉक-इनला (त्याच लयीतला सिग्नल वेचणारा अ‍ॅम्प्लिफायर) टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सरासरी काढायचा वेळ, सुरुवातीला कमीच ठेव.

सिग्नलनंतर साधारण २१ पिकोसेकंदांनी छोटा जुळा भाऊ दिसला तर घाबरू नको, तो क्रिस्टलमधला इको आहे. मुख्य पल्सच्या मागे बारीक लहरी दिसल्या तर ती हवेतली वाफ, पावसाळ्यात तर विचारूच नको, बॉक्स करून कोरडा नायट्रोजन सोड.

आणि गॉगल काढायचा नाही, ८०० चा बीम दिसतो फिकट लाल, पण असतो भरपूर.