लाँग वीकेंडला चार्ल्सटनला जायचंय, सोबत सासू-सासरे आणि आठ वर्षांचा मुलगा. तीन दिवस कसे आखावेत?

तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न आहेत. शार्लटहून ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला चार्ल्सटन नीट बघून होईल का, त्यातच जॉर्जियातलं सवाना शहर बसवता येईल का, पुण्याहून आलेल्या शाकाहारी सासू-सासऱ्यांच्या खाण्याचं काय, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना किती चालणं पडेल. मी साउथ कॅरोलिनातल्या कोलंबियात राहते. चार्ल्सटन आम्हाला दोन तासांवर, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की आमची गाडी आय-२६ महामार्गाला लागतेच. त्या जोरावर सांगते.

सवाना वगळा. नकाशावर ते शेजारी दिसतं, पण जायला दोन तास आणि यायला दोन तास. शिवाय दोन्ही शहरं एकाच सुट्टीत कोंबली की जुनी घरं आणि ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस एवढंच डोक्यात उरतं, कुठलं काय ते कळेनासं होतं.

चार्ल्सटनला मात्र तीन दिवस पुरतात, कारण जुनं शहर छोटं आहे. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधे जमिनीची निमुळती पट्टी समुद्राकडे गेलेली आहे आणि सगळं बघण्यासारखं तिच्या खालच्या टोकाला एकवटलंय. हॉटेल या पट्टीवरच घ्या. पुलापलीकडे माउंट प्लेझंटला किंवा वर नॉर्थ चार्ल्सटनला स्वस्त पडतं, हे खरं. पण सोबत वडीलधारी असताना दुपारी दीड-दोन तास खोलीवर येऊन पाठ टेकता येणं फार मोलाचं असतं, आणि रोज पार्किंग शोधण्यात जाणारा वेळ वाचतो तो वेगळाच. गाडी गॅरेजमध्ये लावायची आणि विसरायची. डॅश नावाची मोफत बस शहरात फिरते, ती सासूबाईंच्या कामी येईल.

आता माझा मुख्य मुद्दा. बहुतेक जण पहिल्याच सकाळी रेनबो रोची रंगीत घरं, मग घोडागाडी, मग बाजार असं करतात आणि गुलामगिरीचा इतिहास ‘वेळ उरला तर’ या खात्यात टाकतात. तुम्ही क्रम उलटा करा. ही घरं कुणाच्या श्रमावर उभी राहिली ते आधी बघितलं, की मग तीच घरं वेगळी दिसतात. सासऱ्यांना इतिहासाची आवड आहे म्हणता, तर त्यांना हे नक्की पटेल.

शनिवारी सकाळी फोर्ट समटर. लिबर्टी स्क्वेअरहून बोट सुटते, बंदरातून अर्ध्या तासाचा प्रवास, किल्ल्यावर साधारण तासभर. तिकिटं आधीच काढा आणि शक्यतो दिवसाची पहिली बोट घ्या. पहिल्या बोटीच्या लोकांना किल्ल्यावरचा झेंडा चढवायला मिळतो. रेंजर हाक मारतात आणि भलंमोठं कापड जमिनीला लागू नये म्हणून दहा-वीस जण ते हातांवर पेलून धरतात. तुमच्या मुलाला पुढे पाठवा. भिंती जवळून बघा, विटांमध्ये रुतलेले तोफगोळे अजून तसेच आहेत.

१२ एप्रिल १८६१ला पहाटे साडेचारला या किल्ल्यावर पहिला गोळा पडला आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. आजोबांना यातला आपल्याकडचा धागा आवर्जून सांगा. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, अमेरिकन कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बेच्या भरावाच्या शेअरांवर सट्टा खेळला गेला. १८६५मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद या तेजीतलेच. गावाकडे मात्र कर्ज मागे राहिलं, आणि १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्याची कारणं शोधणारे इतिहासकार या कापसापर्यंत येऊन पोहोचतात.

बोट परत आली की तिथून चालत इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. हे जून २०२३मध्ये उघडलं आणि ते जिथे उभं आहे तो गॅड्सडेन्स व्हार्फ, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना उतरवायचा धक्का. १ जानेवारी १८०८पासून गुलामांची आयात कायद्याने बंद झाली, पण त्याआधीच्या चार वर्षांत या बंदरात जहाजांची नुसती रीघ लागली होती. त्या जमिनीवर बांधायचं नाही म्हणून अख्खी इमारत तेरा फूट उंच खांबांवर उचलून धरलीय. खालच्या मोकळ्या जागेत तिकीट लागत नाही. तिथे पाण्याशेजारी जमिनीत माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, जहाजाच्या तळाशी दाटीवाटीने, डोक्याला पाय लावून झोपवलेल्या. त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर भरतो आणि ओसरतो. आत जाण्याआधी तिथे थांबा. मुलाला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा, माझ्या मते आठ वर्षांच्या पोराला बरंच कळतं आणि ते प्रश्न विचारतं. वरच्या दालनांना दोन-तीन तास द्या. सोमवारी हे म्युझियम बंद असतं, म्हणून शनिवारीच उरका.

रविवारी सकाळी लवकर निघून खालचं टोक, म्हणजे बॅटरी आणि व्हाइट पॉइंट गार्डन. तिथून ईस्ट बे स्ट्रीटने वर चालत रेनबो रो. रांगेत तेरा घरं, एकेकाळी धक्क्यासमोरच्या व्यापाऱ्यांची, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. हे फिके गुलाबी-पिवळे रंग १९३०च्या दशकापासूनचे. फोटो काढा आणि आतल्या गल्ल्यांत शिरा, खरं चार्ल्सटन तिथे आहे.

मुलाला दोन कामं द्या म्हणजे तो कंटाळणार नाही. एक, भिंतींवरचे लोखंडी गोल बिल्ले मोजायचे. ३१ ऑगस्ट १८८६ला इथे मोठा भूकंप झाला, तेव्हा खिळखिळ्या झालेल्या भिंती आवळायला घराच्या आरपार लोखंडी सळ्या घातल्या, त्यांची ही टोकं. दुसरं, खोटे दरवाजे ओळखायचे. इथल्या ‘सिंगल हाउस’ची रस्त्याकडची बाजू एका खोलीएवढीच रुंद असते आणि घर आत लांबच लांब जातं. रस्त्यावरचा दरवाजा उघडला की घर लागतच नाही, लागते ती बाजूची लांब ओसरी. घराचं खरं दार त्या ओसरीच्या मधोमध. आणि जुन्या विटांकडे सगळ्यांनीच नीट बघा. ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे काही विटांवर अजून दिसतात, गुलामांच्या हातचे, काही तर लहान मुलांचे.

चालमर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियमही याच भागात आहे, पण ते रविवारी बंद असतं, म्हणून शनिवारीच उरका. १८५६मध्ये शहराने उघड्यावरचे लिलाव बंद केले, तेव्हा ते असे आत गेले. जागा छोटी, तासभर पुरतो, पण तो रस्ता ओबडधोबड गोट्यांचा आहे. सासूबाईंचा हात धरा, नाहीतर त्यांना तेवढ्यापुरतं वॉटरफ्रंट पार्कमध्ये बसवा. तिथे पाण्यात गेलेल्या धक्क्यावर छपराखाली चक्क मोठे झोपाळे टांगलेत. आमच्याकडे आलेली प्रत्येक आजी त्या झोपाळ्यावरून उठायला तयार नसते. शेजारी अननसाच्या आकाराचं कारंजं आहे, मुलं त्यात मनसोक्त भिजतात, तेव्हा कपड्यांचा एक जोड जवळ असू द्या.

घोडागाडी घ्यायचीच असेल तर एक माहीत असू द्या: मार्ग तुम्ही निवडू शकत नाही. गाडी निघताना सोडतीत जो विभाग निघेल तिकडेच ती जाते. गुडघे दुखणाऱ्यांना सोय म्हणून ठीक, पण रेनबो रो दिसेलच या भरवशावर तिकीट काढू नका.

रविवारची दुपार सासऱ्यांना द्या. नॉर्थ चार्ल्सटनला हनली पाणबुडी आहे, फक्त शनिवार-रविवारी बघता येते. १७ फेब्रुवारी १८६४च्या रात्री, आतल्या माणसांनी हाताने दांडा फिरवत चालवलेल्या, दक्षिणेच्या या पाणबुडीने उत्तरेची युद्धनौका बुडवली. जगात असं पहिल्यांदाच घडलं. स्वतः मात्र आठही माणसांसह तळाशी गेली ती २००० सालीच वर आली. आता ती पाण्याच्या टाकीत ठेवून तिचं जतन चाललंय. ज्यांना यंत्रांत रस नाही त्यांनी तेवढ्या वेळात सलिव्हन्स आयलंडच्या किनाऱ्यावर पाय भिजवावेत. यॉर्कटाउन ही विमानवाहू नौका मी सुचवत नाही. चांगली आहे, पण उभ्या जिन्यांमुळे ज्येष्ठांचे हाल होतात आणि अर्धा दिवस जातो. मुलगा हट्ट धरेल, त्याला पुढच्या खेपेचं आश्वासन द्या.

सोमवारी परतताना एकच प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चाललेला जुना मळा. मी मिडलटन प्लेस म्हणेन. १७४१पासूनची आखीव बाग, नदीकडे उतरणाऱ्या गवताच्या पायऱ्या, खाली फुलपाखराच्या पंखांसारखी दोन तळी. मोठं घर १८६५मध्ये युद्धात जाळलं गेलं, त्याचा एक भाग तेवढा उभा आहे. पण बागेपेक्षा भाताची गोष्ट ऐका. कॅरोलिनाची श्रीमंती आधी भाताची होती, आणि भात कसा लावायचा, पाणी कसं अडवायचं हे पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांना येत होतं. भरतीच्या जोराने नदीचं गोडं पाणी वर चढतं, ते लाकडी दारांतून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. कोकण-गोव्यातली खाजणं ज्यांनी बघितली आहेत त्यांना बांध आणि दारांचा हा खेळ लगेच समजतो. फरक इतकाच की इथे तो बांध चाबकाखाली घातला गेला. चालणं कमी हवं असेल तर त्याऐवजी मॅग्नोलिया प्लँटेशन घ्या, तिथे ट्रामसारख्या गाडीतून फिरवतात. दोन्ही करू नका.

सिटी मार्केटला कधीही जाता येईल. टीशर्ट आणि फ्रिजवर चिकटवायच्या वस्तूंचे गाळे सोडून द्या आणि स्वीटग्रासच्या टोपल्या विणणाऱ्या ‘गल्ला’ (Gullah) समाजाच्या बायकांजवळ थांबा. आफ्रिकन गुलामांचे हे वंशज, या किनाऱ्यावर त्यांनी आपली भाषा आणि हे हस्तकौशल्य टिकवलंय. मूळची टोपली भात पाखडायची, म्हणजे सुपाचंच काम करणारी. किंमत ऐकून सासूबाई डोळे मोठे करतील. एका टोपलीला किती दिवस लागले ते त्यांच्यासमोरच विचारा, आणि कृपा करून घासाघीस करू नका.

खाणं. शहर मासे-कोळंबीचं आहे, शाकाहाऱ्यांना जपून राहावं लागतं, कारण मांस दिसत नाही तिथेही असतं. कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी बहुधा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजवतात, रेड राइस हा टोमॅटोचा भात बेकन घालून, आणि चवळी-भाताचं हॉपिन जॉनही तसंच. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. त्या पाण्यात किंवा दुधात शिजवल्यात की चिकनच्या स्टॉकमध्ये, हे स्पष्ट विचारा. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. तळलेले हिरवे टोमॅटो, भेंडी, पिमेंटो चीज, मक्याचा ब्रेड यांवर एक वेळ सहज निघते. रस्त्याकडेला ‘बॉइल्ड पीनट्स’ची पाटी दिसली की गाडी थांबवा: मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, आजोबा खूश. बाजारात मिळणाऱ्या बेने वेफर्स या तिळाच्या कुरकुरीत चकत्या आहेत. इथे तीळही आफ्रिकेतूनच आला. अंडं मात्र असतं त्यात. बाकी खोलीत छोटा राइस कुकर आणि मेतकूट असू द्या, रात्री दमून आल्यावर मऊ भाताला तोड नाही.

ऑक्टोबरची हवा छान असते, पण वादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू वादळामुळे हा किनारा रिकामा करावा लागला होता. तेव्हा हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. याच दिवसांत मोठ्या भरत्या येतात आणि कोरड्या, लख्ख उन्हातही सिटी मार्केटच्या आसपास रस्त्यावर घोटाभर पाणी साचतं. मुंबईसारखंच आहे, खाड्या बुजवून शहर वाढवलंय, पाणी जुनी वाट धरतं. निघण्यापूर्वी भरतीच्या वेळा बघा आणि त्या पाण्यातून गाडी घालू नका, खारं पाणी आहे. दलदलीतून एक उग्र वास येईल, गटार फुटलं असं वाटेल, पण तो खाडीच्या चिखलाचा. डोळ्यांना न दिसणारी चिलटं संध्याकाळी फार चावतात, त्यासाठी मलम ठेवा.

सोमवारी मिडलटनहून दुपारी एकपर्यंत निघा. लाँग वीकेंडला आय-२६वर समरव्हिलपासूनच गाड्या तुंबतात, आणि शार्लटपर्यंतचे साडेतीन तास पाहता पाहता पाच होतात.