वजन कमी करायचा उत्साह दोन आठवड्यांतच ओसरतो. तो टिकवायचा कसा?

बहुतेकांचा उत्साह वजनकाटाच मारतो. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपकन उतरतात, पण त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त. भात-पोळी कमी केली की शरीरात साठलेलं ग्लायकोजन (म्हणजे साखरेचा राखीव साठा) वापरलं जातं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणीही जातं. मग काटा अडतो आणि माणूस खचतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कमी घेतल्या तरी आठवड्याला जेमतेम अर्धा किलो!

म्हणून काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी उभे राहा. त्यापेक्षा शिंप्याची टेप आणा आणि कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो उतरले तरी साखर, रक्तदाब सुधारू लागतात. हे लक्ष्य लग्नाच्या फोटोत दिसता तसं होण्यापेक्षा बरंच जवळचं आहे.

जिमची वर्षाची फी आधी भरून प्रेरणा येत नाही (जिमवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं). शेजाऱ्याबरोबर चालायची वेळ ठरवा; तो खाली उभा राहून हाका मारू लागला की उठावंच लागतं. सणाला पुरणपोळी जरूर खा, फक्त पुढच्या जेवणाला नेहमीच्या ताटावर या. ‘आता सोमवारपासून’ नको.