पश्चिमेच्या खिडकीला पडदे कसले लावावेत?

तुम्ही विचारलंय की हॉलची खिडकी पश्चिमेला आहे, दुपारनंतर ऊन थेट सोफ्यावर येतं, तर आयलेटचे (वरच्या कडेला गोल रिंगा बसवलेले, थेट रॉडमध्ये ओवायचे) पडदे घ्यावेत की ब्लाइंड्स. आमचा सिंहगड रोडचा फ्लॅट सेम असाच आहे त्यामुळे सांगते, पडदेच घ्या पण डबल रॉड लावून, आत काचेकडे पांढरा झिरझिरीत शिअर आणि खोलीच्या बाजूने अस्तर लावलेला जाड पडदा, म्हणजे दिवसा नुसता शिअर ओढला की उजेडही येतो आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना आपला हॉल दिसत नाही 😄 (रात्री लाइट लावल्यावर मात्र सगळं दिसतं हां, तेव्हा जाडवाला ओढायचाच).

रॉड खिडकीच्या वर ५-६ इंच आणि दोन्ही बाजूंना ६-८ इंच जास्त घ्या, पडदा पूर्ण बाजूला सरकतो आणि खिडकी मोठी वाटते. कापड रुंदीच्या निदान दुप्पट लागतं, इथे कंजूषी केली की पडदा बंद केल्यावर चादर वाळत घातल्यासारखा दिसतो, आमच्या बेडरूममध्ये अजून तसाच लटकतोय. कॉटन असेल तर शिवायच्या आधी एकदा भिजवून घ्या, मी नाही भिजवलं, पहिल्याच धुण्यात दोन इंच वर गेला.

ब्लाइंड्स किचनला ठीक, रोलरवाले पुसता येतात. कापडासाठी रविवार पेठेत एक चक्कर मारा, पण माप लिहून न्या आणि टू व्हीलरच न्या, पार्किंगचं काय सांगायचं.