लहानपणी घेतलेला शेक आणि नाकारलेला क्लेम

प्रश्न : मी यावल तालुक्यात शिक्षिका आहे, वय 36. सात वर्षांची असताना, 1996 मध्ये, मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईला टाटामध्ये उपचार झाले, डोक्याला शेकही (रेडिएशन) दिला. 2010 च्या शेवटच्या तपासणीनंतर ना औषध लागलं, ना डॉक्टर. फेब्रुवारी 2022 मध्ये आरोग्य विमा काढला. फॉर्म एजंटने भरला. "एवढं जुनं कशाला लिहायचं?" म्हणाला, मी सही केली. जून 2025 मध्ये मेंदूत मेनिंजिओमाची गाठ निघाली. ऑपरेशनला 5 लाख 80 हजार लागले, वडिलांनी केळीवर उचल घेऊन भरले. 'पूर्वीचा आजार, तोही लपवला' असं लिहून कंपनीने क्लेम नाकारला. डिस्चार्ज कार्डावर लहानपणच्या शेकाची ओळ आहे. ती डॉक्टरांकडून काढून घेऊ का?

उत्तर : ताई, ती ओळ काढू नका. डॉक्टरांना तसं विचारूही नका. कंपनीकडे त्या कार्डाची प्रत आधीच गेली आहे. आज कागद बदलला तर चूक एजंटची की तुमची हा वाद उरणार नाही, फसवणुकीचा मुद्दा उभा राहील. उलट डॉक्टरांकडून आणखी एक दाखला घ्या : ही गाठ नव्याने झालेली आहे, जुना ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) उलटलेला नाही.

कंपनीच्या पत्रात दोन वेगळी कारणं एकात मिसळली आहेत. पहिलं, 'पूर्वीचा आजार'. ते टिकणारं नाही. ल्युकेमिया रक्ताचा, मेनिंजिओमा मेंदूवरच्या आवरणाचा. पॉलिसीतली व्याख्या वाचा : विमा घेण्याआधीच्या ठरावीक महिन्यांत निदान, सल्ला किंवा उपचार झालेला आजार. पूर्वी ही मुदत 48 महिने होती, 2024 पासून 36 आहे. कोणतीही धरा, तुमची शेवटची तपासणी तिच्या कितीतरी आधीची आहे आणि गाठ तर पॉलिसीनंतर तीन वर्षांनी दिसली.

दुसरं कारण, 'माहिती लपवली', हे मात्र जड आहे. इथे तुम्हाला खोटा धीर देणार नाही. अशा प्रकरणात बरेच वकील सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा सुलभा मोटेगावकर निकाल पुढे करतात : न सांगितलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नसेल तर क्लेम नाकारता येत नाही. तुमच्या बाबतीत संबंध आहे. लहान वयात डोक्याला दिलेल्या शेकामुळे पुढे मेंदूत नवी गाठ होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्र मानतं. म्हणून तो निकाल आपल्याला तारणार नाही.

तारू शकतो तो 2021 चा मनमोहन नंदा निकाल. विमा घेणाऱ्याने काय सांगायला हवं होतं हे ठरवताना फॉर्ममध्ये नेमकं काय विचारलं होतं ते पाहायचं, आणि रकाना रिकामा असूनही पॉलिसी दिली तर कंपनीला नंतर तक्रार करता येत नाही. म्हणून भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत कंपनीकडून आजच लेखी मागा. 'गेल्या चार वर्षांत' असं विचारलं असेल तर तुमचं 'नाही' खरंच होतं. 'कधीही कॅन्सर झाला होता का' असं विचारलं असेल तर अवघड आहे. एजंटने खूण केली हे सांगायचंच, पण सही तुमची आहे आणि एजंट उद्या हात झटकेल, हे धरून चला.

तरीही तुमची बाजू रिकामी नाही. बालपणीच्या कर्करोगातून वाचलेल्या 14,361 जणांच्या उत्तर अमेरिकेतील पाहणीत (2006) मेंदू आणि मज्जारज्जूच्या नव्या गाठी 116 जणांना आढळल्या. म्हणजे शंभरात एकालाही नाही. मूळ आजारानंतर मेनिंजिओमा दिसायला साधारण 17 वर्षं लागली होती, तुम्हाला 29 लागली. हा धोका तुम्हाला कोणी कधी सांगितला नव्हता, तर तुमचा फसवण्याचा हेतू होता हे कंपनी कशावरून म्हणते? सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे. घरात जुनी फाईल असेल तर उपचार संपल्याचा आणि 2010 च्या तपासणीचा कागद शोधा.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, की तिथून एक वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील चालत नाही, स्वतःच बोलायचं. वर्गात चाळीस पोरांसमोर उभ्या राहता, तिथेही जमेल. निकाल विरुद्ध गेला तर तो तुमच्यावर बंधनकारक नसतो, जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. तिथली मुदत दोन वर्षांची, ती नकाराच्या पत्रापासून मोजा. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही.

कंपनीने पॉलिसी रद्द केली नसेल तर फेब्रुवारीचा हप्ता चुकवू नका. सलग 60 महिने झाले की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती न दिल्याचं कारण कंपनीला सांगता येत नाही. तुमचे ते फेब्रुवारी 2027 मध्ये पूर्ण होतात, आणि डोक्याचे पुढचे एमआरआय तर चुकणार नाहीत.