लायसोझाइमच्या सुयाच का येतात?

लातूरच्या ताई लायसोझाइमचे (अंड्याच्या पांढऱ्यातलं एक प्रथिन) स्फटिक वाढवताहेत. त्यांनी विचारलंय: लायसोझाइम 50 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पीएच 4.6 चा ॲसिटेट बफर, हँगिंग ड्रॉप (काचेच्या झाकणाला, म्हणजे कव्हरस्लिपला, खालून लटकवलेला थेंब), त्याखालच्या प्लेटच्या खळग्यात, म्हणजे विहिरीत, 10 टक्के मीठ, एसी फक्त कॉलेजच्या वेळेत. सकाळी थेंबभर सुयांचे काटेरी गोळे.

ताई, मला यात दोन गोष्टी खटकतात: मीठ आणि तो एसी.

थेंबात प्रथिन आणि विहिरीतलं द्रावण निम्मं-निम्मं, म्हणून मीठ सुरुवातीला 5 टक्केच असतं. मग थेंबातलं पाणी वाफेने विहिरीकडे जातं, थेंब आटतो, मीठ आणि प्रथिन दोन्ही दाट होतात. अतिसंपृक्तता (विरघळू शकेल त्याहून जास्त प्रथिन द्रावणात असणं) फार वाढली की नवी केंद्रकं, म्हणजे स्फटिकांची बीजं, धरतात. त्याच्या खालच्या पट्ट्यात नवी धरत नाहीत, असलेली मात्र वाढतात. चांगला स्फटिक या खालच्या पट्ट्यात पोसतो. तुमचा थेंब तो पट्टा ओलांडून वर जातो. पेर दाट झाली की ज्वारीचं एकही कणीस नीट भरत नाही, तसंच. शिवाय घाईत बसलेले रेणू वाकडेतिकडे अडकतात, त्यामुळे मोठा, चकचकीत स्फटिकसुद्धा क्ष-किरणांत कधीकधी फिसकटलेले ठिपके देतो. आकारावर भाळू नका.

प्रथिन 25-30 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरवर आणा आणि मिठाची 4 ते 8 टक्के अशी शिडी लावा. तरी गर्दी झाली तर सीडिंग करा: जुना स्फटिक चुरून, भरपूर पातळ करून, कमी मिठाच्या थेंबात केसाने एक रेघ ओढायची.

आता एसी. या मिठात लायसोझाइम उकाड्यात जास्त विरघळतं. मराठवाड्यातला एप्रिल-मे, रात्री एसी बंद, खोली तापलेली. स्फटिकांच्या कडा विरघळतात. सकाळी एसी लागला की विद्राव्यता घसरते आणि नव्या केंद्रकांचा सडा पडतो. कव्हरस्लिपच्या आतल्या बाजूला थेंबाभोवती पाण्याचे बारीक मणी दिसतात का बघा. दिसले तर तापमान हलतंय असं समजा. प्लेट 20 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. लाइट जात असेल तर आधी थर्माकोलच्या जाड डब्यात घालून. 25 अंशांच्या वर टेट्रागोनलऐवजी ऑर्थोरॉम्बिक रूप (स्फटिकातल्या रेणूंची वेगळी मांडणी) येऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

प्रथिन कॉलेजातच अंड्यातून काढलेलं असेल तर जेलवर (प्रथिनं वेगळी करून दाखवणारी चाचणी) एकच पट्टी येते का ते बघा. ओव्हलब्युमिनसारखी (अंड्यातलं दुसरं प्रथिन) भेसळ वाढत्या पृष्ठभागावर अडथळा आणते.

इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनच्या (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) प्रोटीन क्रिस्टलोग्राफी बीमलाइनवर स्फटिक न्यायचा विचार असेल तर हाताळणी जपून करा. प्रथिनांच्या स्फटिकात साधारण 27 ते 65 टक्के द्रावणच असतं, उघड्यावर काही मिनिटांत तडे जातात. गोठताना बर्फ होऊ नये म्हणून ग्लिसरॉल 25 टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने चढवा आणि मगच द्रव नायट्रोजनमध्ये बुडवा.


शिडी लावल्यावर प्रत्येक विहिरीचा फोटो टाका, मीठ किती होतं ते लिहून.