एक्सएसएलटीने तयार झालेलं टेबल रिॲक्टच्या कंपोनंटमध्ये टॅगसकट का छापलं जातं?

तुमचं रूपांतर बरोबर चाललंय, घोटाळा त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. तुम्ही लिहिलंय की ऑर्डरचं एक्सएमएल येतं, त्यावर एक्सएसएलटी (एक्सएमएलचं एचटीएमएलसारख्या दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा) चालवल्यावर कन्सोलमध्ये नीट टेबल दिसतं, पण तीच स्ट्रिंग जेएसएक्सच्या (रिॲक्टमध्ये पानाचा आराखडा लिहायची पद्धत) महिरपी कंसात ठेवली की स्क्रीनवर टीआर (ओळ) आणि टीडी (रकाना) हे टॅगच अक्षरं म्हणून उमटतात. रिॲक्ट हे मुद्दाम करतं. महिरपी कंसातली स्ट्रिंग त्याच्या लेखी नुसता मजकूर असते. बाहेरून आलेल्या मजकुरातून कुणी स्क्रिप्ट घुसवू नये, म्हणून ती खबरदारी आहे.

यावर 'डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल' (स्ट्रिंग एचटीएमएल म्हणूनच पानात घालणारा रिॲक्टचा प्रॉप) वापरा असं बरेच जण सांगतील. त्यानेही टेबल दिसेल. पण तुम्ही रूपांतर ब्राउझरमध्येच करताय, म्हणजे तयार नोड (पानाच्या रचनेतले घटक) थेट तुमच्या हातात येऊ शकतात. त्यांची आधी स्ट्रिंग करायची आणि ब्राउझरला ती पुन्हा पार्स करायला लावायची, हा फुकटचा वळसा आहे. ब्राउझरच्या 'एक्सएसएलटीप्रोसेसर'ची 'ट्रान्सफॉर्मटूफ्रॅगमेंट' ही मेथड वापरा, ती नोडांचा तयार गठ्ठा म्हणजे फ्रॅगमेंट देते, आणि तिला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून चालू पानाचं 'डॉक्युमेंट' द्या. ते एचटीएमएल डॉक्युमेंट असल्यामुळे येणारे नोडही खरेखुरे एचटीएमएलचे असतात. मात्र स्टाइलशीटमध्ये (रूपांतराचे नियम असलेल्या एक्सएसएलटीच्या फाइलमध्ये) आउटपुटची मेथड 'एक्सएमएल' लिहिलेली असेल तर ती बदलून 'एचटीएमएल' करा. नाहीतर ब्राउझर तुमच्या टेबलाला टेबल म्हणून ओळखणार नाही आणि सगळे आकडे एकमेकांना चिकटून दिसतील.

आता कंपोनंट. जेएसएक्समध्ये एक रिकामा डिव्ह ठेवा, त्याला 'रेफ' लावा (म्हणजे तो डिव्ह कोडमधून हाताशी येतो), आणि 'यूजइफेक्ट'मध्ये (रेंडरनंतर चालणारा कोड, म्हणजे इफेक्ट) तो फ्रॅगमेंट 'रिप्लेसचिल्ड्रन'ने त्या डिव्हमध्ये बसवा. 'अपेंडचाइल्ड' वापरू नका. स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका लवकर दिसाव्यात म्हणून रिॲक्टने दिलेली सोय) डेव्हलपमेंटच्या वेळी रिॲक्ट इफेक्ट दोनदा चालवतं, त्यामुळे एकाखाली एक दोन टेबलं दिसतील आणि तुम्ही दोष एक्सएसएलटीत शोधत बसाल. डिव्ह रिकामा ठेवा हेही मी जोर देऊन सांगतोय. 'लोड होत आहे' असा मजकूर एखाद्या टॅगमध्ये घालून त्याच डिव्हमध्ये रिॲक्टकडून लिहून घेतलात आणि नंतर 'रिप्लेसचिल्ड्रन'ने उडवलात, तर पुढच्या रेंडरला रिॲक्ट तोच नोड काढायला जातं, तो सापडत नाही आणि कंपोनंट कोसळतो. त्या डिव्हच्या आतला मालक एकच हवा. लोडिंगचा मजकूर शेजारच्या वेगळ्या डिव्हमध्ये ठेवा.

वापरणाऱ्याने एक ऑर्डर निवडून लगेच दुसरी निवडली, तर पहिलीचा उशिरा आलेला प्रतिसाद दुसरीवर बसू शकतो. इफेक्टच्या क्लीनअपमध्ये (इफेक्ट पुन्हा चालण्याआधी होणारी आवराआवर) 'अबॉर्टकंट्रोलर'ने आधीची विनंती रद्द करा.

एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच तपासा: एक्सएमएलची स्ट्रिंग वाचून डॉक्युमेंट बनवणाऱ्या 'डॉमपार्सर'ला चुकीचं एक्सएमएल दिलं तरी तो एक्सेप्शन फेकत नाही. 'पार्सरएरर' नावाचा एलिमेंट असलेलं डॉक्युमेंट गुपचूप परत देतो. तो एलिमेंट आहे का हे पाहिलं नाही, तर रूपांतर भलत्याच डॉक्युमेंटवर चालतं.

याहून जास्त वेळ मात्र माझा नेमस्पेसने (टॅगची नावं कुठल्या गटातली हे सांगणारी खूण) खाल्ला आहे. एका प्रकल्पात टेबलाचे मथळे यायचे, खाली एकही ओळ यायची नाही. स्टाइलशीट शंभरदा वाचली, तिच्यात चूक नव्हतीच. एक्सएमएलच्या मूळ टॅगवर 'एक्सएमएलएनएस' (नेमस्पेस जाहीर करणारं ॲट्रिब्यूट) होतं आणि माझ्या एक्सपाथमध्ये (एलिमेंट शोधायच्या पत्त्यात) नुसतं 'ऑर्डर' लिहिलेलं होतं. एक्सएसएलटी १.० मध्ये प्रीफिक्स (नावाआधी लावायची नेमस्पेसची खूण) नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेला एलिमेंट, आणि तसा एकही एलिमेंट त्या फाइलमध्ये नव्हता. उपाय असा: तोच नेमस्पेस स्टाइलशीटमध्ये एखाद्या प्रीफिक्सला बांधायचा आणि प्रत्येक नावाआधी तो प्रीफिक्स लिहायचा. टेबलाऐवजी सगळा मजकूर सलग एका ओळीत आला, तरी आधी हाच संशय घ्या. तुमचा एकही टेम्प्लेट (स्टाइलशीटमधला नियम) जुळला नाही की एक्सएसएलटीचे अंगभूत नियम चालतात आणि ते फक्त मजकूर पुढे सरकवतात.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही असं. ब्राउझरमधली एक्सएसएलटी ही १९९९ ची १.० आवृत्तीच आहे. २.० आवृत्ती २००७ मध्ये आणि ३.० आवृत्ती २०१७ मध्ये आली, पण त्या ब्राउझरांनी कधी घेतल्या नाहीत. शिवाय क्रोमच्या टीमने २०२५ मध्ये जाहीर केलंय की ही सोय टप्प्याटप्प्याने काढून टाकणार. त्यामुळे नवं काम असेल तर मी 'एक्सएसएलटीप्रोसेसर'वर उभं करणार नाही. स्टाइलशीट तुमच्याच ताब्यात असेल तर रूपांतर सर्व्हरवर न्या आणि कंपोनंटला तयार एचटीएमएल द्या. जावा असेल तर स्टाइलशीट एकदाच कंपाइल करून 'टेम्प्लेट्स' ऑब्जेक्ट जपून ठेवा, तो अनेक थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांत) वापरता येतो. त्यातून मिळणारा, प्रत्यक्ष रूपांतर करणारा 'ट्रान्सफॉर्मर' मात्र प्रत्येक विनंतीला नवा घ्या. ब्राउझरमध्येच करणं भाग असेल तर सॅक्सनजेएस ही लायब्ररी आहे. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असल्याने ब्राउझरच्या एक्सएसएलटीवर अवलंबून नाही आणि ३.० आवृत्ती चालवतं.

सर्व्हरवरून स्ट्रिंग येऊ लागली की 'डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल' वापरणं रास्त आहे, पण त्याआधी ती डॉमप्युरिफाय या धोकादायक टॅग काढणाऱ्या लायब्ररीतून गाळून घ्या. इनर एचटीएमएलमधून आलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. इमेज टॅगवरचा 'ऑनएरर' (चित्र न आल्यास चालणारा कोड) मात्र चालतो. स्टाइलशीटमध्ये 'डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग' (टॅगची चिन्हं निरुपद्रवी न करता तशीच सोडायची सूचना) असेल तर तेही काढा. ग्राहकाने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेला टॅग त्यातून जसाच्या तसा पानावर पोचतो. शिवाय फायरफॉक्स ते मानतच नाही, त्यामुळे दोन ब्राउझरांत दोन वेगळी पानं दिसतील.

ओळीवर क्लिक केल्यावर तपशील उघडायचा आहे असंही तुम्ही म्हटलंय. आतल्या ओळी रिॲक्टच्या नाहीत, त्यामुळे त्यांना 'ऑनक्लिक' प्रॉप देता येणार नाही. तो बाहेरच्या डिव्हला द्या. एक्सएसएलटीमध्ये प्रत्येक टीआरवर ऑर्डरचा क्रमांक 'डेटा-आयडी' म्हणून लिहा, आणि क्लिक आल्यावर 'इव्हेंट.टार्गेट'वरून (क्लिक झालेल्या एलिमेंटवरून) 'क्लोजेस्ट'ने तो टीआर शोधून क्रमांक वाचा. टेबल कितीही वेळा बदललं तरी हा एकच हँडलर पुरतो.