फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस जाण्याआधीच का?

प्रश्न : मुलाच्या लग्नाला दीड वर्ष झाले. मूल होऊ द्यावे असे दोघांनी ठरवले, तेव्हा डॉक्टरांनी सुनेला फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लगेच सुरू करायला सांगितली. आम्ही शाकाहारी आहोत आणि मंडईतून एक दिवसाआड मेथी, पालक, चवळई घरी येते. अजून दिवस गेलेले नसताना ही गोळी कशासाठी?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे

उत्तर : आपल्या सुनेला मिळालेला सल्ला योग्य आहे, आणि तो वेळेवर मिळाला याचा मला आनंद वाटतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली ही गोळी दुसरा महिना उलटल्यावर सुरू करतात. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळदा घरात कोणाला शंकाही आलेली नसते. ती नीट मिटली नाही, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा डोक्यात गंभीर व्यंग राहते आणि नंतर घेतलेल्या गोळीने ते भरून येत नाही. म्हणून किमान एक महिना, शक्यतो दोन-तीन महिने आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे आणि गरोदरपणाचे पहिले १२ आठवडे ते चालू ठेवावे. असे व्यंग असलेले मूल ज्यांना पूर्वी झाले आहे, त्यांनी ४ मिलिग्रॅम घेतल्यास पुनरावृत्तीचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत सिद्ध झाले.

पालेभाजीबद्दलचा आपला मुद्दा अगदी रास्त आहे, कारण या जीवनसत्त्वाचे नावच पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आणि १९४१ साली ते वेगळे काढले गेले तेही पालकाच्या पानांतून. मात्र ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. आपल्याकडे मेथी आधी बारीक चिरतात, मग चाळणीत घालून दोन-तीन पाण्यांनी धुतात, आणि पालक उकडला की ते हिरवे पाणी मोरीत जाते; त्याबरोबर पुष्कळसे फोलेटही, म्हणजे अन्नातले नैसर्गिक फॉलिक अ‍ॅसिडही, जाते. भाजी निवडून, अख्खी धुऊन मग चिरावी आणि झाकण ठेवून अंगच्याच पाण्यात शिजवावी. हरभरा, चवळी, मूग आणि शेंगदाणे यांतूनही फोलेट चांगले मिळते. तरीही त्या पहिल्या चार आठवड्यांची खात्री एवढ्यावर सोडू नये. भाजीही हवी आणि गोळीही.

गोळी घेताना पाकिटावरचा आकडा मात्र वाचावा. दुकानात सर्रास मिळणारी गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या साडेबारापट असते. ती पूर्वी असे व्यंग असलेले मूल झालेल्या किंवा फिटसाठी व्हॅलप्रोएटसारखे औषध घेणाऱ्या स्त्रियांना डॉक्टर मुद्दाम लिहून देतात.

आपले घर शाकाहारी असल्यामुळे आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो : सुनेची बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी आताच करून घ्यावी. पेशींचे विभाजन होताना डीएनए तयार करण्याच्या कामी फोलेट लागते, पण ते वापरण्याजोग्या रूपात परत आणायला बी-१२ हवे, आणि कोणत्याही भाजीत बी-१२ नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच काय ते मिळते. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. ज्या मातांमध्ये गरोदरपणी फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी स्थिती, सर्वाधिक आढळला. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि आपल्याच परिसरातील असल्याने पुणेकरांनी ते अधिक मनावर घ्यायला हवेत.

प्रश्न : माझे वय ६६ आहे. रक्त कमी असल्याचे कळल्यावर मी सहा महिने स्वतःच दुकानातून फॉलिक अ‍ॅसिड आणून घेतले. हिमोग्लोबिन ९ वरून ११.५ झाले, पण तळपायांना मुंग्या येतात आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. गोळी वाढवावी का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मुळीच वाढवू नये. बी-१२च्या कमतरतेनेही असाच रक्तक्षय होतो आणि फॉलिक अ‍ॅसिडने रक्त काहीसे सुधारते, त्यामुळे अहवाल पाहून समाधान वाटते. मात्र नसांना बी-१२च लागते आणि त्यांची हानी आतल्या आत चालू राहते. चप्पल निसटल्याचे न कळणे हे त्याच हानीचे लक्षण असू शकते, आणि उशीर झाला तर ती कायमची राहते. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोजची गोळी चालू असेल, तर तेही सांगावे, कारण दोन्हींमुळे बी-१२ कमी होऊ शकते. तपासणीसाठी रक्त देण्यापूर्वी मात्र बी-१२चे इंजेक्शन घेऊ नये, नाहीतर मूळ पातळी कळत नाही.